तोच हा देवदत्त? जुन्या खात्यांतून नव्या प्रणालीत जाताना

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा काही जणांनी विचारलं, की सर, तुम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, आता हे सॉफ्टवेअर बदलण्याचं प्रकरण कुठून आलं? प्रश्न रास्त आहे. पण विषय आम्ही शोधला नाही, तो आमच्याकडे आला. सोसायटीच्या कार्यालयात, आडत दुकानात, खत-बियाण्याच्या दुकानात संगणकावर बसणारी आपली मुलं आम्हाला भेटतात आणि म्हणतात, जुन्या प्रोग्राममधली नावं नव्यात घालायची आहेत, आणि दोन महिने झाले तरी काम संपत नाही. रक्कम जुळते, माणसं जुळत नाहीत.

हे वाक्य आम्हाला फार आवडलं. रक्कम जुळते, माणसं जुळत नाहीत. आजचं सगळं व्याख्यान खरं म्हणजे या एका वाक्यावरच आहे.

आधी आपल्या जिल्ह्यातलं उदाहरण घेऊ. गावोगावी विविध कार्यकारी सेवा सहकारी संस्था आहेत, ज्यांना आपण नुसतं सोसायटी म्हणतो. केंद्र सरकारने २९ जून २०२२ रोजी देशातल्या ६३,००० अशा संस्थांच्या संगणकीकरणाला मंजुरी दिली. खर्च धरला २,५१६ कोटी रुपये. सगळ्यांना एकच राष्ट्रीय प्रणाली, आणि काम राबवण्याची जबाबदारी नाबार्डकडे. पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रातल्या १२,००० संस्था घेतल्या. आपल्याकडे हिंगोलीचं मध्यवर्ती बँकेचं काम परभणी जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकच पाहते, तेव्हा सोसायटी, जिल्हा बँक, राज्य बँक अशी साखळी एका धाग्यात ओवायची, हा हेतू. हेतू चांगलाच आहे. पण धागा ओवायचा म्हणजे आधी मणी मोजावे लागतात. सभासद किती? हा साधा प्रश्न विचारून बघा. रजिस्टर एक आकडा सांगतं, खतावणी दुसरा सांगते, मतदार यादी तिसरा सांगते. आणि गटसचिव, ज्याच्याकडे चार-पाच गावं असतात, तो हसतो आणि चौथा आकडा सांगतो. बहुतेक वेळा तोच बरोबर असतो.

आता 'मास्टर' म्हणजे काय ते समजून घेऊ. हिशोबाच्या प्रणालीत दोन प्रकारची माहिती असते. एक, काय घडलं. आज अमक्याने पाच कट्टे हळद आणली, तमक्याला दोन पोती डीएपी उधार दिलं. हे व्यवहार. दुसरी, कोणाच्या बाबतीत घडलं. नाव, गाव, खाते क्रमांक, बँक, पॅन. हे झालं मास्टर. व्यवहार रोज वाढतात, मास्टर हळू बदलतो. पण प्रत्येक व्यवहार मास्टरच्या खुंटीला टांगलेला असतो. खुंटी चुकली की त्यावर टांगलेलं सगळंच दुसऱ्याच्या घरात जातं.

आपल्या भागात ही खुंटी फार गंमतीची आहे. वसमतचा हळद उत्पादक घ्या. तो आडत्याकडे माल आणतो, म्हणजे तो पुरवठादार. त्याच आडत्याकडून पेरणीच्या वेळी उचल घेतो, म्हणजे तो ऋणको. आडत्याच्या भावाच्या दुकानातून खत नेतो, म्हणजे तो ग्राहक. माणूस एकच. पण संगणकात तो तीन ठिकाणी बसलेला असतो, कारण प्रोग्राम बनवणाऱ्याने गृहीत धरलं, की विकणारा वेगळा आणि घेणारा वेगळा. टॅलीतसुद्धा आपण बहुतेक वेळा एक नाव 'संड्री डेटर्स'खाली उघडतो आणि तेच नाव, शेवटी एक टिंब जोडून, 'संड्री क्रेडिटर्स'खाली. टिंब यासाठी, की तेच नाव दुसऱ्यांदा घेतलं जात नाही. एका टिंबाने माणसाचे दोन तुकडे!

मोठ्या कारखान्यांत, कंपन्यांत हेच मोठ्या प्रमाणावर चालू आहे. सॅप नावाची जर्मन कंपनी आहे, तिचं सॉफ्टवेअर जगभर वापरतात. जुन्या प्रणालीत ग्राहकाची यादी वेगळी, पुरवठादाराची वेगळी. २०१५ साली त्यांनी एस-फोर हाना नावाची नवी प्रणाली आणली. तिच्यात त्यांनी ठरवलं, की ग्राहक आणि पुरवठादार ही माणसं नव्हेत, या भूमिका आहेत. मूळ वस्तू एकच, तिला ते 'बिझनेस पार्टनर' म्हणतात. त्या एका पार्टनरला ग्राहकाची टोपी घाला, पुरवठादाराची घाला, दोन्ही घाला. जुन्या प्रणालीतून नव्यात जायचं तर प्रत्येक ग्राहक आणि प्रत्येक पुरवठादार आधी पार्टनर करून घ्यावा लागतो. ते झाल्याशिवाय पुढचं रूपांतर होतच नाही. आणि जुन्या आवृत्तीची मुख्य देखभाल २०२७ अखेरपर्यंतच आहे, म्हणून सध्या जिकडे तिकडे ही धांदल.

आम्हाला यात नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. आपल्या जुन्या मुनीमाच्या खातेवहीत हे आधीपासूनच होतं. वहीत पान माणसाचं असायचं. एका बाजूला जमा, एका बाजूला नावे. माल आणला, जमा. उचल नेली, नावे. तो ग्राहक की पुरवठादार, असा प्रश्न मुनीमाला कधी पडला नाही. संगणक आला, माणसाची दोन पानं झाली, आणि आता कोट्यवधी रुपये खर्चून पुन्हा एक पान करणं चाललंय. असो.

पण एक पान केलं की सगळं सुटलं असं समजू नका. सोसायटीने शेतकऱ्याचं सोयाबीन खरेदी केलं, त्याचे पैसे द्यायचे आहेत. त्याच शेतकऱ्याचं पीककर्ज थकलं आहे. जुन्या पद्धतीत दोन याद्या वेगळ्या, पैसे निघून जायचे. नव्या प्रणालीत दोन्ही भूमिका एकाच क्रमांकावर आल्या, आणि पडद्यावर एक सोयीची खूण दिसते: येणं-देणं वळतं करा. एक कळ दाबली की मालाचे पैसे कर्जात गेले. दिवाळीला घरात पैसा नाही. आता असं वळतं करता येतं का? कधी येतं, कधी येत नाही; कर्जाच्या कागदावर काय लिहून दिलंय, कायदा काय म्हणतो, त्या वर्षी वसुलीबद्दल काय आदेश आहेत, यावर ते ठरतं. आमचं म्हणणं इतकंच, की हा निर्णय प्रोग्रामने दोन भूमिका एकत्र आणल्या म्हणून आपोआप होता कामा नये. दोन भूमिका एका माणसाच्या आहेत हे जाणणं वेगळं, आणि एका भूमिकेतलं त्याचं येणं दुसऱ्या भूमिकेसाठी कापून घेण्याचा अधिकार वेगळा. ती खूण कोणासाठी चालू ठेवायची, हे संचालक मंडळाने ठरवायचं. बाहेरून आलेल्या इंजिनिअरवर ते सोडायचं नाही.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. दोन नोंदी एकाच माणसाच्या आहेत, हे कशावरून?

आपल्या शास्त्रांमध्ये उदाहरणाला नेहमी देवदत्त असतो. देवदत्त जाड आहे, देवदत्त घरी नाही, असं काहीतरी त्या बिचाऱ्याचं चालूच असतं. वेदान्तात एक प्रसिद्ध उदाहरण आहे: तोच हा देवदत्त. 'तो' म्हणजे पूर्वी दुसऱ्या गावात, दुसऱ्या काळी पाहिलेला. 'हा' म्हणजे आज इथे समोर उभा असलेला. 'तो' आणि 'हा' यांचा देश वेगळा, काळ वेगळा, कदाचित दाढीही वेगळी. मग एक कसे? तर वेदान्ती म्हणतात, काही भाग सोडायचा, काही भाग धरायचा. तिथलेपण आणि इथलेपण सोडून द्या, व्यक्ती धरा. ओळख पटणं म्हणजे काय सोडायचं हे कळणं.

मास्टर बदलताना नेमकं हेच काम असतं. काय सोडायचं? आपल्या जिल्ह्याचा पत्ताच घ्या. १ मे १९९९ पूर्वी हिंगोली जिल्हा नव्हता, आपण परभणीत होतो. जुन्या नोंदीत 'ता. कळमनुरी, जि. परभणी' असं असेल आणि नव्या नोंदीत 'जि. हिंगोली', तर जिल्हा वेगळा म्हणून माणूस वेगळा होत नाही. जिल्हा सोडून द्यायचा. वसमत घ्या. कोणी वसमत लिहितं, कोणी बसमत, टपालात बसमतनगर. पिनकोड मात्र ४३१५१२. तेव्हा नाव सोडा, पिन धरा. बँक घ्या. मराठवाड्यात स्टेट बँक ऑफ हैदराबादची खाती घरोघर होती, निजामाच्या काळापासूनची ती बँक. १ एप्रिल २०१७ रोजी ती भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली आणि 'एसबीएचवाय'ने सुरू होणारे आयएफएससी कोड गेले, 'एसबीआयएन' आले. दोन नोंदींत आयएफएससी वेगळा दिसतो, म्हणून प्रोग्राम म्हणतो खाती वेगळी. खातं तेच आहे, पाटी बदलली.

आणि काय धरायचं? इथे अडचण सुरू होते. नावावर जायचं म्हटलं, तर आपल्या भागातली नावं कशी लिहिली जातात ते पाहा. सातबाऱ्यावर आणि खरेदीखतावर 'पि.' आणि 'भ्र.' असतं. 'पि.' पुढे वडिलांचं नाव, 'भ्र.' पुढे नवऱ्याचं. बाई माहेरच्या जमिनीवर 'पि.' म्हणून आहे आणि सासरच्या जमिनीवर 'भ्र.' म्हणून. आडनावही बदललेलं. संगणकाला या दोन बायका दिसतात. तिथेच 'अ.पा.क.' असतं, म्हणजे अज्ञान पालनकर्ता; ज्याला अज्ञान म्हटलंय तो आज नातवंडं खेळवतोय, पण नोंदीत अजून आईच्या पदराखाली आहे. 'ए.कु.मॅ.' असतं, एकत्र कुटुंब मॅनेजर. तिथे एक नाव लिहिलंय, पण मागे चार भाऊ उभे आहेत.

त्यात लिपीचा घोळ. अनेक जुन्या प्रोग्राममध्ये मराठी ही फॉन्टची मराठी होती. श्रीलिपी, कृतिदेव वगैरे. म्हणजे आत साठवलेली अक्षरं रोमनचीच, वरून फक्त मराठी अंगरखा. नव्या प्रणालीत युनिकोड आहे. अंगरखा काढला की आत भलतंच निघतं, ते पुन्हा बदलावं लागतं आणि बदलताना रफार एक अक्षर पुढे उडी मारतो. काहींनी सोपा उपाय म्हणून इंग्रजीत नावं ठेवली. मग इंग्रजीतून परत मराठीत आणताना माळीचा माली होतो, काळेचा काले. ळ आणि ण ही आपली अक्षरं इंग्रजीच्या चाळणीतून खाली पडतात आणि परत येत नाहीत. ज्ञानेश्वर हे नाव इंग्रजीत किमान तीन प्रकारे लिहिलं जातं. तीन अर्ज, तीन ज्ञानेश्वर. माउलींना विश्वरूप दाखवायला संगणकाची गरज नव्हती, पण झालंय खरं.

मग तरुण मंडळी म्हणतात, सर, नाव कशाला, नंबर घ्या ना. आधार आहे. बरोबर आहे. आधारची सुरुवातच आपल्या महाराष्ट्रात झाली, २९ सप्टेंबर २०१० ला, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी. आधार एक गोष्ट चांगली सांगतो: हे शरीर तेच शरीर आहे. पण हे कर्जखातं याच शरीराचं आहे, हे आधार सांगत नाही. ती गाठ कोणीतरी कधीतरी टंकलेली असते. टंकणाऱ्याच्या बोटाने चूक केली, तर आधार खरा, खातं खरं आणि गाठ खोटी.

मोबाईलचं तर बोलायलाच नको. घरात एक फोन, तो चौघांच्या अर्जावर. कधी अर्ज भरून देणाऱ्या केंद्रवाल्याचाच नंबर पन्नास जणांच्या नावापुढे. शिवाय बंद पडलेला नंबर काही महिन्यांनी कंपनी दुसऱ्याला देते.

पॅन जरा बरा. त्यातलं चौथं अक्षर सांगतं हा कोण आहे: 'पी' असेल तर व्यक्ती, 'एच' असेल तर हिंदू अविभक्त कुटुंब, 'एफ' फर्म, 'सी' कंपनी. आणि इथेच एक सुंदर पेच आहे. एक आडत व्यापारी स्वतःच्या पॅनवर व्यवहार करतो आणि कुटुंबाचा कर्ता म्हणून 'एच' पॅनवरही करतो. पत्ता एक, फोन एक, सही एक, चेहरा एक. जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडेही दोन्हींना २७, म्हणजे महाराष्ट्र. पुढची दहा अक्षरं पॅनची, तिथे फरक. शेजाऱ्याला विचाराल तर तो म्हणेल माणूस एकच. कायद्याला विचाराल तर दोन. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक याने १६९४ मध्ये आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत 'माणूस' आणि 'व्यक्ती' या दोन वेगळ्या कल्पना आहेत असं मांडलं होतं. माणूस तोच असूनही व्यक्ती वेगळी असू शकते, हे वर्गात शिकवताना मुलं जांभया द्यायची. व्यापाऱ्याच्या कर सल्लागाराला ते एका मिनिटात पटतं.

सॅपमध्येही हे आहे. पार्टनर तयार करताना आधी सांगावं लागतं की हा व्यक्ती, संस्था की गट. आणि एकदा सांगितलं की नंतर बदलता येत नाही. जुन्या यादीत हा प्रश्नच विचारलेला नव्हता. तेव्हा हजारो नावं समोर ठेवून 'हे दुकान म्हणजे मालक की दुकान म्हणजे फर्म' हे ठरवत बसावं लागतं. प्रकार हा गुणधर्मासारखा नसतो, हे ॲरिस्टॉटलपासून सांगत आलेत. रंग बदलला तरी घोडा घोडाच राहतो, पण घोड्याची गाय करता येत नाही. नवी गायच आणावी लागते.

आता चुकांकडे बघू. चुका दोन जातीच्या. एका माणसाच्या दोन नोंदी राहिल्या, ही पहिली. दोन माणसांची एक नोंद झाली, ही दुसरी. दोन्हींना चूकच म्हणतात, पण वजन सारखं नाही. पहिलीत गैरसोय होते. पत्र दोनदा जातं, येणं-देणं एका जागी दिसत नाही, उधारीची मर्यादा दुप्पट मिळते. उद्या लक्षात आलं तर दोन नोंदी एकत्र करता येतात. दुसरीत मात्र याचं कर्ज त्याच्या नावावर, त्याचा माल याच्या नावावर. आणि एकदा व्यवहार मिसळले, की कोणता कोणाचा हे वेगळं करायला तुम्हाला मूळ पावत्यांपर्यंत जावं लागतं. दूध आणि पाणी मिसळणं सोपं, वेगळं करणारा हंस फक्त सुभाषितात असतो.

म्हणून आमचं ठाम मत: शंका असेल तर वेगळं ठेवा. दोन नोंदींच्या मध्ये 'बहुधा एकच' अशी खूण बांधा, पण विरघळवू नका.

या विषयाचं एक रीतसर शास्त्र आहे, हे पुष्कळांना माहीत नसतं. १९४६ साली हॅलबर्ट डन नावाच्या अमेरिकन अधिकाऱ्याने, जो जन्म-मृत्यूच्या आकडेवारीचं काम करायचा, एक लेख लिहिला. त्याची कल्पना अशी, की प्रत्येक माणूस जन्मापासून मृत्यूपर्यंत एक पुस्तक लिहीत असतो, त्याची पानं वेगवेगळ्या कचेऱ्यांत पडलेली असतात, ती एकत्र बांधायची. पुढे १९६९ मध्ये फेलेगी आणि सुंटर या दोघांनी त्याचं गणित मांडलं. गणित आपण सोडू, त्यातला विचार धरू. ते म्हणाले, नोंदींच्या जोड्यांचे दोन ढीग करू नका, तीन करा. नक्की एक, नक्की वेगळे आणि सांगता येत नाही. तिसरा ढीग माणसाने बघायचा.

आणि दुसरा विचार असा, की जुळणी कशाची झाली यावर तिचं वजन ठरतं. दुर्मीळ गोष्ट जुळली तर वजन जास्त, सर्रास गोष्ट जुळली तर कमी. आपल्याकडे लावून बघा. गावात अर्धी घरं एकाच आडनावाची असतील तर आडनाव जुळलं याला काडीचं वजन नाही. जन्मतारीख जुळली म्हणाल, तर आपल्या पिढीत १ जूनला जन्मलेले किती! शाळेत घालताना गुरुजींनी जी तारीख दिली ती दिली. पुण्यात-मुंबईत बसलेला प्रोग्राम लिहिणारा मुलगा म्हणतो, सर, आडनाव जुळलं, गाव जुळलं, जन्मतारीख जुळली, ९० टक्के जुळणी. त्याच्या गणितात ती असेल. गटसचिवाच्या गणितात ती चावडीवर बसलेल्या निम्म्या माणसांची असते.

हे नुसतं पुस्तकी नाही, महाराष्ट्राने हे मोठ्या प्रमाणावर अनुभवलंय. २०१७ च्या जूनमध्ये छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना जाहीर झाली, दीड लाखापर्यंतची कर्जमाफी. शेतकऱ्यांनी ऑनलाइन अर्ज भरायचे, बँकांनी आपल्याकडची माहिती ६६ रकान्यांच्या तक्त्यात भरून द्यायची, आणि दोन्ही जुळवायचं. जुळवताना काय काय झालं ते आपल्याला आठवत असेल. जुळलेल्यांची ग्रीन लिस्ट, न जुळलेल्यांची यलो लिस्ट, मग तालुक्याच्या समित्या. म्हणजे फेलेगी-सुंटरचा तिसरा ढीग शेवटी तालुक्याला आलाच. आधीपासून योजला असता तर शेतकऱ्याच्या चपला कमी झिजल्या असत्या. शिवाय त्या योजनेत मर्यादा कुटुंबाला होती: नवरा, बायको आणि १८ वर्षांखालची मुलं मिळून एक. बँकेची नोंद माणसाची, योजनेचा हिशोब कुटुंबाचा. ज्याची यादीच नाही त्याची जुळणी करायची होती.

डिसेंबर २०१९ च्या महात्मा जोतीराव फुले कर्जमुक्ती योजनेत रचना बदलली. दोन लाखांची मर्यादा, अर्ज नाही, बँकांच्या यादीवरून काम, आणि पैसे जमा होण्याआधी शेतकऱ्याने स्वतः जाऊन आधार प्रमाणीकरण करायचं. २४ फेब्रुवारी २०२० ला आधी फक्त ६८ गावांची यादी लावली, मग बाकीच्यांची. शेतकऱ्याला पडद्यावर रक्कम दिसायची. मान्य नसेल तर तक्रारीची सोय होती. त्या योजनेच्या बाकी गुणदोषांत आम्ही जात नाही. पण रूपांतराचं काम म्हणून दोन गोष्टी तिथे बरोबर झाल्या. थोड्या गावांवर आधी करून बघितलं. आणि ज्याची नोंद, त्यालाच विचारलं.

यावरून सोसायटीत किंवा दुकानात काय करायचं ते सांगतो, कारण आपल्यातल्या काहींना सोमवारी कामावर जायचंय. सगळ्यात आधी, जुना क्रमांक फेकू नका. नव्या नोंदीत एका रकान्यात तो राहू द्या, आणि जुना-नवा असं एक जोडपत्रक कागदावर छापून सहीनिशी ठेवा. चार वर्षांनी कोणी जुनी पावती घेऊन आला तर त्याला परत पाठवायची वेळ येऊ नये. क्रमांकांची टक्करही बघा: ग्राहक १००१ आणि पुरवठादार १००१ ही वेगळी माणसं असू शकतात, नव्या एकाच यादीत दोघांना तो क्रमांक मिळणार नाही. कोणाला मिळेल ते आधी ठरवा. जी साफसफाई करायची ती जुन्या प्रणालीत असतानाच करा. नव्या घरात जाऊन जुनं सामान निवडू म्हणणारा माणूस कधी निवडत नाही. बँक खातं बदललं असेल तर मोठी रक्कम पाठवण्याआधी एक रुपया पाठवून नाव काय येतं ते बघा.

आणि आता ते सुरुवातीचं वाक्य. रक्कम जुळते, माणसं जुळत नाहीत. रूपांतर झालं की इंजिनिअर एक कागद दाखवतो: जुन्यात इतके सभासद, नव्यात तितकेच, जुन्यात इतकी येणे बाकी, नव्यात तितकीच, पैशासकट. सगळे टाळ्या वाजवतात. पण तेरीज जुळली म्हणजे हिशोब बरोबर, असं हिशोबाच्या पहिल्या इयत्तेतही शिकवत नाहीत. देवदत्ताचे वीस हजार यज्ञदत्ताच्या नावावर आणि यज्ञदत्ताचे पन्नास हजार देवदत्ताच्या नावावर गेले, तरी बेरीज तीच राहते. बेरीज संस्थेचं समाधान करते. सभासदाचं समाधान त्याची ओळ बघितल्याशिवाय होत नाही.

त्यावर उपाय आपल्याकडे जुना आहे, चावडी वाचन. २०१७ मध्येही कर्जमाफीच्या अर्जांचं गावोगाव वाचन झालं होतं. नाव, वडिलांचं नाव आणि गाव मोठ्याने वाचा. रक्कम मोठ्याने वाचू नका. ती ज्याची त्याला चिठ्ठीवर द्या, कर्ज किती हे अख्ख्या गावाला कळायची गरज नाही. वाचताना कोणीतरी म्हणतोच, "अहो, ते तर वारले," किंवा "त्या नावाचे दोघं आहेत, एक वरच्या आळीतले." अशी माहिती कोणत्याही संगणकात नाही, ती पारावर बसलेली असते.

एका श्रोत्याचा प्रश्न आहे, की मयत सभासदांचं काय करायचं, त्यांना नव्या प्रणालीत घ्यायचं की नाही? घ्यायचं. वेगळी खूण लावून, नवा व्यवहार होणार नाही अशी कुलूपबंद करून. कारण त्यांचा शेअर शिल्लक असतो, कधी कर्ज असतं, आणि वारसाची नोंद ही त्यांच्या नोंदीतूनच निघते. वडिलांच्या नावावर खाडाखोड करून मुलाचं नाव लिहिणं, ही आपल्याकडे सर्रास चालणारी पद्धत, ती मात्र बंद करा. तसं केलं की वडिलांनी १९९२ साली घेतलेलं कर्ज मुलाने घेतलं असं दिसतं, जेव्हा तो चौथीत होता. वारसांची नवी नोंद उघडा, तिच्यात वडिलांचा क्रमांक लिहा. तीन भाऊ आणि एक बहीण असेल तर चार नोंदी. बहिणीची नोंद 'नंतर करू' म्हणून राहते, तेव्हा ती आधी करा. तिचा पत्ता दुसऱ्या तालुक्यातला असेल, नाव 'भ्र.' असेल, आणि सोसायटीत तिला ओळखणारं कोणी नसेल. तिच्या भावाला विचारण्याऐवजी तिलाच फोन करा.